भिंतीला बाक

भिंत हाताखालून निघून गेली तेव्हा ती आईच्या गोळ्यांचा विचार करत होती. फुटपाथवरून चालताना डावा तळवा भिंतीवर टेकवून सरकवत न्यायचा, ही तिची शाळेपासूनची खोड. नव्या विटांचा खरखरीत, किंचित गार स्पर्श, मधल्या दरजांची लयीत येणारी खाच, वीट, खाच, वीट, खाच, आणि मग एकदम नुसती हवा. पाऊल पुढे पडलं होतं, हात मागे राहिला होता, आणि जिन्याची नसलेली पायरी उतरल्यावर जातो तसा तिचा तोल क्षणभर गेला. ती थांबली. भिंत कुठे गेली नव्हती. हातभर पलीकडे होती, आणि पुढे आणखी पलीकडे. सरळ येता येता तिने हळूच अंग आत घेतलं होतं, आवारात चांगली शिरली होती, आणि लांब तिकडे, दिव्याच्या खांबापाशी, जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा फुटपाथला येऊन मिळाली होती. नकाशात ही भिंत सरळ होती. फाटकापासून दिव्याच्या खांबापर्यंत एक रेघ. तो नकाशा तिला झोपेतसुद्धा काढता आला असता.

नगरपरिषद कमी मिळकतीच्या लोकांसाठी घरं बांधून घेते. बांधतात ठेकेदार, आणि ठरलं तसंच बांधलं जातंय ना हे बघायला परिषदेने जी माणसं नेमली आहेत त्यांतली ती एक. घरांबरोबर घरांभोवतीचं आवार, फुटपाथ, दिवे, झाडांची आळी, सगळं तिच्याच नजरेखालून जायचं. समोर तिला लोक मॅडम म्हणत आणि पाठ वळली की फूटपट्टी. ते नाव तिच्या कानावर आलं होतं आणि, खोटं कशाला बोला, मनातून आवडलंही होतं. दाराची चौकट बोटभर कलली असली तर ती आत पाऊल न टाकता उंबऱ्याबाहेरूनच 'कललीय' म्हणायची. गटाराची अख्खी ओळ तिने एकदा पुन्हा उकरायला लावली होती. नकाशात नाही ते पाडायचं, हा नियम देखरेख समितीकडून तिनेच मंजूर करून घेतला होता, आणि त्या नियमाखाली जी पहिली भिंत पडली ती याच कामावरच्या मिस्त्रीची. मागच्या इमारतीची ती भिंत मधोमध जराशी फुगली होती. भिंतीने पोट काढलंय, एवढंच म्हणून ती पुढे गेली होती. मिस्त्रीने ती भिंत स्वतःच्या हाताने उतरवली आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो कुणाशी बोलला नाही. एरवी त्याच्या तोंडाची टकळी विटा संपल्या तरी चालू असायची, त्यामुळे मिस्त्री गप्प आहे ही त्या कामावरची मोठी बातमी झाली होती.

आणि आता तोच मिस्त्री थापी हातात घेऊन, हसत, जवळजवळ पळतच तिच्याकडे येत होता. आईंचं कसं आहे, हाड सांधलं का, झोप लागते का, सगळं त्याने एका दमात विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो भिंतीच्या पोकळीत जाऊन, नवी खोली दाखवावी तसा, हात पसरून उभा राहिला.

"मग मॅडम, आवडला का बाक?"

बाक. शब्द तिच्या कानात शिरला आणि आत आपली नेहमीची जागा शोधताना दोन जागी बसला. एका जागी लाकडी पट्ट्यांचा, पाठ टेकायला मागे आधार असलेला, बसायचा बाक. दुसऱ्या जागी ही समोरची भिंत. तिला तो दिवस आठवला. समितीशी भांडून तिने या भिंतीलगत बसायला एक बाक मंजूर करून घेतला होता आणि ते सांगायला ती कामावर आली होती, तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला की आई न्हाणीघरात घसरली. ती तशीच फाटकाकडे धावली, आणि फाटकातून मागे वळून ओरडली होती. काय ओरडली होती ते तिला आता शब्द न् शब्द ऐकू येत होतं. मिस्त्री, या भिंतीला बाक द्या. चांगला लांब द्या, आखडता हात घेऊ नका. त्यानंतर आईपायी रजा, आणि कामावर ती येत होती ती आज.

"नाही घेतला आखडता हात," मिस्त्री सांगत होता. "घरी बायकोला म्हटलं, ज्या बाईंनी माझी भिंत पोट काढलं म्हणून पाडली, त्याच बाई आज मला म्हणतात भिंतीला बाक द्या. म्हणजे माझ्या हातावर त्यांचा विश्वास बसला. सरळ भिंत काय, कुणीही बांधतं."

पुढे तो दोरीने जमिनीवर वळण कसं आखलं, पुसलं, पुन्हा आखलं, वीट वळणावर बसेना तेव्हा कशी समजूत घालून बसवली, हे सांगत राहिला. ठेकेदाराने येऊन कपाळाला आठ्या घातल्या होत्या म्हणे, पण मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर त्याची पुढे विचारायची छाती झाली नाही. फूटपट्टीने वाकडं सांगितलं म्हणजे त्यात काहीतरी सरळ असणारच, असं ठेकेदार म्हणाला होता, आणि ते सांगताना मिस्त्रीने ते पाठीमागचं नाव नकळत तिच्या तोंडावर घेऊनही टाकलं आणि जीभ चावली. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बघते, एवढंच म्हणून ती सामानाच्या पत्र्याच्या खोलीत गेली आणि सिमेंटच्या पोत्यावर बसली. दुपारी देखरेख समिती येणार होती. समितीने काम पसंत केलं तर पुढच्या आठवड्यात घरांच्या किल्ल्या वाटायच्या होत्या. नाही केलं तर भिंत पाडून, सरळ बांधून होईपर्यंत किल्ल्या परिषदेच्या कपाटातच राहणार, आणि माणसं जिथे आहेत तिथे, ओल आलेल्या भाड्याच्या खोल्यांत. नियम तिचाच होता. चूक कुणाची म्हणायची, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि त्याचं सोपं उत्तर लगेच हाताशी आलं. मिस्त्रीने चुकीचं ऐकलं. यात खोटं काही नव्हतं. भिंत पडली असती, पाडण्याचा भुर्दंड ठेकेदाराला बसला असता, ठेकेदाराने राग मिस्त्रीवर काढला असता, आणि मिस्त्री पुन्हा गप्प झाला असता. हे शेवटचं तिला अजिबात बघवणार नव्हतं, आणि ते इतक्या जोराने जाणवलं की ती स्वतःच चकित झाली.

पत्र्याच्या खोलीत चुन्याचा आणि ओल्या वाळूचा वास होता. तसाच वास त्यांच्या जुन्या खोलीला असायचा. परिषदेची तीही घरं, पण फार पूर्वीची, कुणाचीही देखरेख नसलेली. खोलीची जमीन एका कोपऱ्याकडे उतरती होती. हातातून काहीही सुटलं, बटण, पेन्सिल, मणी, की ते गडगडत त्याच कोपऱ्यात जायचं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती गोटी सोडायची आणि अंधारात तिचा आवाज ऐकत राहायची, आधी हळू, मग भरभर, मग टक्. भिंती फुगलेल्या, कपाट भिंतीला लागून म्हणून कधी उभं राहिलंच नाही, टेबलाच्या पायाखाली घडी केलेला पुठ्ठा. मोठी झाले की सगळं सरळ करीन, हे तिने त्या गोटीच्या आवाजात ठरवलं होतं, आणि ते तिने केलंही. फक्त आज, पोत्यावर बसून, तिला प्रथमच आठवलं की त्या घरात काहीच हरवत नसे. शोधायची वेळच यायची नाही. आई म्हणायची, कोपरा बघ, आणि कोपऱ्यात आठवडाभराची चुकलेली सगळी मंडळी एकत्र बसलेली असायची. आता त्यांच्या सरळ जमिनीच्या घरात आईचा चष्मा दिवसातून कितीदा हरवायचा, आणि जिथे असेल तिथेच मुकाट राहायचा.

आणि त्या घरांसमोरची भिंत. ती मात्र सरळ होती, लांबच लांब, आणि तिथे बसायला काही म्हणजे काही नव्हतं. संध्याकाळी कामं आटोपून बायका बाहेर यायच्या आणि भिंतीला पाठ लावून एका ओळीत उभ्या राहायच्या, एक पाय मागे भिंतीवर टेकवून. आईची जागा अगदी टोकाला, कारण त्यांची खोली टोकाची. ओळीत उभं राहिलं की दिसायची फक्त शेजारीण. पलीकडच्या टोकाला काही बोलणं झालं की ते तोंडातोंडाने सरकत आईपर्यंत यायचं आणि येईपर्यंत त्याचं काय व्हायचं ते होऊन जायचं. एकदा पलीकडच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या बाईने लाजत सांगितलं होतं की तिच्या घरी पाळणा हलणार. आईपर्यंत आलं ते पाळणा विकणार. आईला मावशीच्या सुनेसाठी पाळणा हवाच होता. ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, जुना असला तरी चालेल, पण दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका. त्या दिवसापासून त्या ओळीत कितीतरी वर्षं कुणी काही खरेदी करायला निघालं की बायका विचारायच्या, हलणार की विकणार? आई स्वतःही हसायची. पण घरात शिरताना पोटरी चोळत म्हणायची, तिथे टेकायला काही असतं ना, तर मी त्या टोकाला जाऊन बसले असते आणि सगळं पहिल्या तोंडचं ऐकलं असतं. बाक हवा होता तो त्यासाठी. समितीपुढे तिने ज्येष्ठ नागरिक, सार्वजनिक सोय असे भारदस्त शब्द वापरले होते, पण त्या सगळ्या शब्दांच्या मागे आई एका पायावर उभी होती.

बाहेर आली तेव्हा ऊन भिंतीच्या कडेवर आलं होतं आणि पोकळीत सावली साचली होती. ज्यांना किल्ल्या मिळायच्या होत्या त्या लोकांतल्या काही बायका रोज आपापल्या खिडक्या बघायला येत, तशा आजही आल्या होत्या. इस्त्री करणारी एक ठेंगणी बाई, तिची सून, दवाखान्यातली आया, आणखी दोघीतिघी. त्या लांबच्या टोकाला, खांबाजवळ उभ्या होत्या. ती फाटकाच्या बाजूने पोकळीत शिरली आणि सवयीने तळवा भिंतीवर ठेवून चालू लागली. या वेळी हात सुटला नाही. भिंत वळली तशी तीही वळली. पावलं आपोआप वळत होती, आणि तळव्याला पुढची वीट कुठे असेल ते आधीच कळत होतं. तिने भिंत तपासायची म्हणून तपासली. ओळंब्यात होती. एकही वीट पुढे नव्हती, एकही मागे नव्हती. तिच्या मनाने दोष शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि प्रत्येक विटेला दोष न सापडल्याचा आनंद होत गेला, आणि त्या आनंदाचीच तिला भीती वाटू लागली. वाकडी भिंत आवडते म्हणजे आपलं काहीतरी बिघडलं, असं वाटून तिने कपाळ भिंतीला टेकवलं. तेव्हा तिच्या कानाशी कुणीतरी बोललं.

"आली बघ फूटपट्टी. आता गेली आपली भिंत."

तिने दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. बायका तिकडे खांबाजवळ होत्या, इतक्या लांब की ओरडल्याशिवाय ऐकू येऊ नये. इस्त्रीवाली सुनेच्या कानात काहीतरी सांगत होती, भिंतीकडे तोंड करून. पुन्हा तिच्या कानाशी, विटांमधून आल्यासारखं, स्पष्ट ऐकू आलं.

"नको गं पाडायला. इथे उभं राहिलं की सगळ्यांची तोंडं दिसतात. मी इतकी वर्षं बायकांच्या पाठीच बघत आले."

ती हलली नाही. वळणाची भिंत आवाज धरून ठेवते आणि अंगाअंगाने पुढे नेते, हे तिने कधीतरी शिकताना वाचलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरली होती. आता ते तिच्या कानात होत होतं. तिला वाटलं, असं झालं असतं तर पाळणा विकला गेला नसता. आणि मग सकाळपासून अडलेलं हसू एकदम आलं, खांदे हलायला लागले, डोळ्यांना पाणी आलं. तिकडच्या टोकाला ते हसू पोचलं असावं, कारण बायका चपापून तिच्याकडे बघू लागल्या. तिने हात हलवला. काय करावं ते न कळून इस्त्रीवालीनेही हलवला.

समिती आली ती उन्हं कलल्यावर. अध्यक्ष शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, काठीच्या टोकाने चुका दाखवायची सवय अजून न गेलेले. त्यांच्याबरोबर प्रभागाच्या नगरसेविका, ज्यांना या घरांच्या रहिवाशांपुढे पुन्हा मतं मागायला जायचं होतं, आणि मागे रुमालाने मान पुसणारा ठेकेदार. मिस्त्री नवा सदरा घालून भिंतीच्या बाजूला उभा होता, वरातीतल्या मामासारखा. अध्यक्षांनी भिंत पाहिली, नकाशा पाहिला, पुन्हा भिंत पाहिली आणि मंजूर केलेला बाक कुठे आहे असं विचारलं. मिस्त्रीने छाती काढून भिंतीकडे बोट केलं.  मिस्त्रीने चुकीचं ऐकलं, हे सोपं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते बोलून टाकलं असतं तर नियम राहिला असता, नाव राहिलं असतं, फूटपट्टी सरळ राहिली असती. तिने ते गिळलं.

"मी बसायचा बाक मागितला," ती म्हणाली. "मिस्त्रींनी वळणाचा दिला. बोलले मी, फाटकातून, घाईघाईत, आणि मागे वळून कळलं का म्हणून विचारलंही नाही. पाडायची तर माझ्या बोलण्यापायी पाडायची, त्यांच्या हातापायी नाही."

 मिस्त्रीची छाती हळूहळू खाली गेली. नव्या सदऱ्याची पडलेली घडी अचानक दिसायला लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि समिती, ठेकेदार, कुणी समोर नसल्यासारखं विचारलं.

"म्हणजे तुम्हाला हा नकोच होता?"

"मागितला नव्हता," ती म्हणाली. "पण आता हवाय. मला ही भिंत फार आवडली, मिस्त्री."

हे वाक्य आपल्या तोंडून कधी कामावर निघेल असं तिला वाटलं नव्हतं. ते निघालं आणि तिला अंगावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं. अध्यक्षांनी मात्र डोळे बारीक केले होते. त्यांचं लक्ष भिंतीवर नव्हतंच. ते नेमकं काय म्हणालात, शब्द सांगा, म्हणून तिच्या मागे लागले. तिने सांगितले. भिंतीला बाक द्या, चांगला लांब द्या. अध्यक्षांनी काठी जमिनीवर आपटली.

"चांगला लांब? बाक तो की ते?"

तो, ती म्हणाली. त्यांच्या घरी बसायचा तो बाक, आई तसंच म्हणते. मिस्त्रीने जोरात मान हलवली. त्यांच्या घरी बसायचं ते बाक. मॅडमना बसायचं हवं असतं तर चांगलं लांब म्हणाल्या असत्या, चांगला लांब म्हणाल्या म्हणजे वळणाचाच, यात त्याने काय वावगं ऐकलं? अध्यक्षांच्या चेहऱ्यावर वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी खरा प्रश्न विचारल्यासारखा उजेड पडला. नगरसेविका ठासून म्हणाल्या, शाळेत सगळे ते बाक म्हणत. आया लांबून म्हणाली, आमच्या दवाखान्यात तो बाक. इस्त्रीवाली आणि तिची सून यांच्यात तिथल्या तिथे फूट पडली, सासू तो, सून ते, आणि सून इतकी वर्षं मनातल्या मनात ते म्हणत होती हे सासूला आजच कळलं. ठेकेदाराने मान पुसणं थांबवून सांगितलं की तो आपला सरळ बेंच म्हणतो, आणि बेंच म्हटलं असतं तर हा घोळच झाला नसता. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. या सगळ्या गलक्यात तिने अध्यक्षांना हात धरून पोकळीच्या एका टोकाला उभं केलं, इस्त्रीवालीला खांबाजवळ पाठवलं आणि हळू बोलायला सांगितलं. इस्त्रीवाली काय बोलली ते अध्यक्षांनी कुणाला सांगितलं नाही. पण ते कान भिंतीला लावून बराच वेळ तसेच राहिले, आणि परत आले तेव्हा काठी बगलेत होती.

आवाराची जागा थोडी फुटपाथला गेली, रहिवाशांना ते चालेल का, असं नगरसेविकांनी रीतसर विचारलं. बायकांनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. पोकळीत उभ्या असल्यामुळे सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत होती, तेव्हा विचारविनिमयाला वेळ लागला नाही. चालेल, त्या म्हणाल्या, पण मंजूर झालेलं बसायचं द्या. तो द्या की ते द्या, पण द्या. अध्यक्ष म्हणाले, भिंत आहे तशी राहील, किल्ल्या ठरल्याप्रमाणे मिळतील, आणि वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणाबरोबर वळणारं बसायचं होईल. इतिवृत्तात एकच वाक्य लिहा, ते म्हणाले, बाकाला बाक द्यावा. एवढं झाल्यावर मिस्त्रीने घसा खाकरला. त्याचं बोलणं परत आलं होतं.

"मॅडम, यातला माझा बाक कुठला ते जरा बोट लावून दाखवा," तो म्हणाला. "पुन्हा भिंत सरळ करून बसायचो."

घरी आल्यावर तिने हे सगळं आईला पहिल्यापासून सांगितलं. आई खिडकीशी खुर्चीत होती. पडल्यापासून ती बाहेर जात नव्हती. हाड सांधलं होतं, दुखणं नव्हतं, पण कंबर वाकली ती वाकलीच. उभी राहिली की तिची नजर समोरच्याच्या चपलांवर पडे, आणि चपलांशी काय बोलायचं, असं म्हणून ती घरात बसून राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते फिरायला न्या. मुलगी रोज सांगून दमली होती आणि रोज नवं कारण ऐकून दमली होती. आता गोष्ट सांगता सांगता ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. मिस्त्रीच्या नव्या सदऱ्यापाशी आई हसायला लागली, 'तो की ते'पाशी पोचेपर्यंत तिला ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर तिने मागे हात नेऊन आपली पाठ चाचपली.

"म्हणजे तुला मागून भलताच मिळाला," ती म्हणाली. "आणि मला न मागता."

मग दोघी पुन्हा हसल्या, आणि हसता हसता मुलीने तोंड फिरवून रिकामा पेला उचलला, कारण पाठीच्या बाकावर आई प्रथमच बोलली होती. आईने ते पाहिलं असावं. खिडकीबाहेर बघत तिने सहज विचारावं तसं विचारलं, तिथे पलीकडच्या टोकाचं खरंच ऐकू येतं का गं? येतं, ती म्हणाली. अगदी कानाशी? अगदी कानाशी.  चष्मा कुठे आहे माझा, असं मग आईने विचारलं, आणि तो तिच्या मांडीवरच होता.

किल्ल्या वाटून झाल्या, खिडक्यांना पडदे लागले, आणि बाकही बसला. मिस्त्रीने सुताराच्या डोक्यावर उभं राहून तो करवून घेतला, एकेक पट्टी वळवून, जाता येता ते बाक, ते बाक असं म्हणत. पहिल्याच संध्याकाळी ती आईला घेऊन गेली. रिक्षातून उतरल्यावर आई फुटपाथकडे बघत, काठी टेकत, चपला मोजत चालत होती. भिंत सुरू झाली तशी तिने आधारासाठी तळवा विटांवर ठेवला. वीट, खाच, वीट, खाच. वळणापाशी मुलीने तिचा दंड धरायला हात पुढे केला, कारण इथे भिंत निघून जाते हे तिला माहीत होतं, पण आईचा हात सुटला नाही. भिंत वळली तशी आई वळली आणि अलगद बाकापाशी येऊन पोचली. ती फाटकाकडच्या टोकाला बसली. टोकाची जागा धरण्याची जुनी सवय. बसल्यावर ती वाकलेली राहिली नाही. म्हणजे वाकलेलीच होती, पण बसलेली सगळीच माणसं थोडी वाकलेली असतात, आणि आता तिच्या नजरेसमोर चपला नव्हत्या, तोंडं होती, पूर्ण वळणभर, एकामागून एक, दिव्याच्या खांबापर्यंत. आया होती, इस्त्रीवाली होती, आणखी बऱ्याच होत्या. आई एकेकीला न्याहाळत होती, जणू आता या सगळ्यांची ओळख करून घ्यायला भरपूर वेळ आहे.

ती स्वतः उभीच होती. पट्ट्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे का ते बघायचा मोह तिला होत होता आणि खिशातला टेप तिने मुठीत धरलाही होता. आईने बाजूच्या पट्ट्यांवर हात थोपटला. तिने टेप सोडला आणि ती बसली. भिंत पाठीला गार लागली. बायकांचं बोलणं लहान लहान लाटांनी येत होतं, पाण्याचा दाब, नळ, कुणाच्या मुलाची शाळा, आणि खांबाकडच्या टोकाला इस्त्रीवालीची सून भिंतीकडे तोंड करून शेजारणीला काहीतरी अगदी हळू सांगत होती, सासूला कळू नये इतकं हळू. आई ताठ झाली. म्हणजे तिला जेवढं होता येत होतं तेवढी झाली. तिने डोळे मिटले, मान भिंतीकडे कलवली आणि ऐकत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं, थांबवता न येणारं, आणि तिने मुलीचा हात घट्ट पकडला.

"हलणार म्हणाली गं," आई तिच्या कानात म्हणाली. "विकणार नाही. मी नीट ऐकलं, हलणार."

तिकडच्या टोकाला सून एकदम गप्प झाली, वळली आणि वळणाच्या पार या टोकाला बसलेल्या म्हातारीकडे डोळे विस्फारून बघू लागली. आईने ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली, कुणाला सांगणार नाही म्हणून. सून लाजली. मधल्या सगळ्या बायका बोलत राहिल्या, त्यांना काही कळलं नाही. मुलीचा हात आईने अंधार पडून निघायची वेळ झाली तरी सोडला नव्हता.